दुपारी 255, रात्री 180: गावच्या व्होल्टेजकडे कोण बघणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात रोज सोलरच्या बातम्या येतात, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, लाइट बिल झिरो वगैरे. चांगलंच आहे. आमच्या दारव्हा तालुक्यातही स्लॅब दिसला की पॅनल लागून राहिले. पण लागल्यावर भर दुपारी काय होते ते कोणी छापत नाही म्हणून लिहितो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे जळलेल्या मोटरीसोबत लोकं सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज लाइनीत सोडणारा डबा) तक्रारीही माझ्याकडेच आणतात.

तक्रार एकच. ऊन कडक असते आणि नेमकं तेव्हाच इन्व्हर्टर बंद पडते, डिस्प्लेवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज, म्हणजे लाइनीचं व्होल्टेज जास्त. लोक म्हणतात वेंडरनं माल डुप्लिकेट दिला. बहुतेक वेळा माल ठीकच राहते. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटीचा 2013 चा नियम आहे, व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर गेलं की प्लांटनं 2 सेकंदांत लाइनीपासून सुटलं पाहिजे. घरच्या लाइनीचं ठरलेलं व्होल्टेज 230, त्याचे 110 टक्के म्हणजे 253. आता गंमत बघा, डीपीची (गावच्या ट्रान्सफॉर्मरची) घराकडची बाजूच दोन फेजमध्ये 433 व्होल्टची, म्हणजे लोड नसलं तर एका फेजला न्यूट्रलशी डीपीवरच 250. राहिले किती, तीन! त्यात 3 किलोवॅटचा प्लांट 13 अँपिअर उलटे लाइनीत ढकलते, गावाच्या टोकाचं घर डीपीपासून अर्धा किलोमीटर, जुनी बारीक तार, फेज-न्यूट्रल मिळून रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास धरा, म्हणजे एकट्या प्लांटनं 12-13 व्होल्ट चढले. गाव तर दुपारी वावरात, घरी चालू काय तर एखादा फ्रिज, मग ती वीज खपवणार कोण? मे महिन्यात या तक्रारी कमी येतात कारण घरोघरी कूलर चालू असतात. जानेवारी-फेब्रुवारीत विचारू नका, ऊन स्वच्छ, पॅनल थंड आणि कूलर माळ्यावर.

संध्याकाळी सगळ्या घरचा लोड त्याच बारीक तारेवर येतो, मग त्याच घरी 180. मग लोक लाइनमनच्या मागे लागतात की डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची खटकी) वाढवून दे. छोट्या डीपीला बहुतेक टॅपच नसते, जिथं असते तिथं लाइन बंद करून हातानं फिरवा, आणि एकदा ठेवला की दिवसरात्र तोच. रात्रीसाठी वाढवला की दुपारचं आणखी चढते, दुपारसाठी उतरवला की रात्री मिक्सर फिरत नाही. बिचारा लाइनमन काय करणार. जर्मनीत चालू लोडवर आपोआप टॅप बदलणारे ट्रान्सफॉर्मर गल्लीतही बसवलेत, आपल्याकडे ती सोय सबस्टेशनच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला. गावोगावी तसेच बसवा असं मी म्हणत नाही, महागाचं काम आहे.

पण बिनपैशाची कामं तरी करा ना. वेंडरची पोरं पोलावर जी तार हाताशी येते तिच्यावर जोडून मोकळी होतात, एका गल्लीतले सहाच्या सहा प्लांट एकाच आर फेजवर, बाकीचे दोन फेज वाय आणि बी रिकामे. काहून? कोणी मोजलंच नाही. तीन फेजवर दोन-दोन वाटले तर अर्धी कटकट तिथंच मिटते. दुसरं, बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज चढू लागलं की जनरेशन हळूहळू कमी करायची सेटिंग असते, ती चालू केली तर प्लांट पूर्ण बंद पडण्याऐवजी थोडा कमी चालेल. व्होल्टेज आवरायला रिअॅक्टिव्ह पॉवरचीही सेटिंग राहते पण गावच्या बारीक तारेत रेझिस्टन्स जास्त, तिचा फायदा थोडाच.

आणि वेंडर करतात काय, तर इन्व्हर्टर बंद पडायची लिमिटच 253 वरून 270 वर नेऊन ठेवतात! गिऱ्हाईक खुश, ॲपवर युनिट दिसून राहिले. बाजूच्या घरचा टीव्ही, फ्रिज उडाला तर पैसे कोण देणार, हा सरळ सरळ बदमाशपणा आहे आणि यावर कारवाई व्हायला पाहिजे.

सौर कृषी वाहिनीचं (शेतीपंपांच्या लाइनीला सोलरची वीज देणारी योजना) मात्र मला पटते, कारण तिथं ऊन असते तेव्हाच पंप चालतात, बनली तशी खपली. गावठाणात तसा दुपारचा लोड नाही हाच तर लोच्या आहे.

वीज कंपनीला मागणी एवढीच की नवीन प्लांट जोडण्याआधी लाइनीच्या टोकाच्या घरी दुपारी 12 ला आणि रात्री 8 ला व्होल्टेज मोजा, कोणता फेज ते फॉर्मवर लिहा. नवीन स्मार्ट मीटर व्होल्टेजची नोंद ठेवतातच, ती बिलिंगवाल्यांकडे पडून राहण्यापेक्षा सेक्शन ऑफिसच्या इंजिनिअरला दर महिन्याला द्या. आणि ज्यांच्या घरी ही एरर येते त्यांनी डिस्प्लेचा फोटो टाइमसकट काढून लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी, तोंडी सांगितलं तर साहेब म्हणतात आमच्याकडे तक्रारच नाही.

एक मोटर रिवाइंडिंगवाला,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ