नव्या गाडीचा अंडरट्रे (पोटाखालचे प्लास्टिकचे आवरण) नीट बसवून देणाऱ्या मेकॅनिककाकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नव्याकोऱ्या गाडीच्या पोटाखालून वेग वाढला की फडफड ऐकू येते आणि गतिरोधकावरून उतरताना काहीतरी घासते, या माझ्या तक्रारीची गाडी घेतली तिथे ‘नव्या गाडीला असा आवाज येतोच’ एवढ्यावर बोळवण झाली होती. आपण मात्र गाडी जॅकवर उचलून, स्टँडचा भक्कम आधार देऊन स्वतः खाली शिरलात आणि दोष नेमका कुठे आहे, हे टॉर्चच्या उजेडात मलाही दाखवलेत. त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

इंजिनाखालच्या पुढच्या ट्रेची कड मागच्या ट्रेच्या खालून यायला हवी होती, पण ती वरून बसवल्यामुळे मागच्या ट्रेची कड थेट वाऱ्याच्या तोंडी आली होती आणि वेग वाढला की त्या फटीत वारा शिरून ट्रे खाली ओढला जात होता. त्यातच एका बोल्टची क्लिपसारखी नट जागेवरून सरकलेली होती आणि तिरका शिरलेल्या बोल्टचे आटे पार गेले होते. तिथे केबल टाय (प्लास्टिकची बांधायची पट्टी) आवळून काम उरकता आले असते आणि माझी त्याला हरकतही नसती. पण सायलेन्सरच्या धगीजवळ टायचा भरवसा नाही, असे सांगून आपण नट आणि बोल्ट दोन्ही नवे घातलेत.

आपल्या कामाची पद्धत मला फार आवडली. सगळे बोल्ट आधी हातानेच थोडे थोडे फिरवून घेतलेत, बंपरच्या कडेची प्रत्येक जीभ तिच्या खाचेत गेली आहे ना, हे बोटांनी चाचपलेत आणि मगच पाना हातात घेतलात. उष्णतेने प्लास्टिक प्रसरण पावते, त्याला सरकायला जागा मिळावी म्हणून ट्रेची काही भोके लांबट असतात आणि म्हणूनच तिथे रुंद वॉशर घालून बोल्ट बेताचाच आवळावा, हेही आपण न कंटाळता समजावून सांगितलेत. आवाज थांबला याचा आनंद आहेच; पण भर वेगात ट्रे सुटून मागून येणाऱ्या एखाद्या दुचाकीसमोर पडला असता, तो धोका टळला, हे मला त्याहून मोठे वाटते.

पुढे ऑइल बदलण्यासाठी हा ट्रे कधी काढावा लागला, तर तो परत बसवताना आपण सांगितलेला क्रम पाळला जातो आहे की नाही, हे मी स्वतः उभा राहून पाहीन.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक