प्रश्नांच्या आधीचा अर्धा तास

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, म्हणून तुमचं नाव घालत नाही. ज्या खोलीत इतक्या जणांनी विश्वासाने तोंड उघडलं, त्या खोलीचा पत्ता चव्हाट्यावर आणणं मला बरं वाटत नाही. तुम्ही वाचलंत तर पहिल्याच परिच्छेदात ओळखाल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे, आणि आमच्या मानसिक आरोग्य तपासणीचं काम तुमच्याकडे आलं, ते आमचं नशीब.

आमच्यात ‘मेडिकल’ म्हटलं की पोटात गोळा येतो. डोळ्यांत, कानांत, रक्तदाबात काही निघालं तर वाट ठरलेली असते. चष्मा लागतो, गोळी सुरू होते, लायसन्सवर एखादी अट पडते आणि माणूस पुन्हा हेडसेट लावून बसतो. मनाबद्दल विचारलं की मात्र आम्हा सगळ्यांचं उत्तर एकच: सगळं ठीक. कुणी शिकवावं लागत नाही, ते वरच्या बॅचकडून खालच्या बॅचकडे आपसूक येतं. ‘झोप कशी लागते?’ ‘उत्तम.’ रात्रपाळ्या करणाऱ्या माणसाची झोप उत्तम असते यावर तपासणाऱ्याचाही विश्वास नसतो, पण दोघंही सह्या करतात आणि उठतात.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही हेच उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही प्रश्नावली वाटलीच नाही. कागद पालथे ठेवलेत आणि जवळजवळ अर्धा तास फक्त एवढंच सांगितलंत की हा कागद भरल्यावर त्याचं पुढे काय होणार. कोण वाचणार, कोण वाचणार नाही. साहेबांकडे काय जाणार: ‘फिट’, ‘सध्या नाही’ किंवा ‘अटींसह’, यापलीकडे एक अक्षरही नाही. आकडा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी काय होईल, पगाराचं काय, रडारवर परत यायचा रस्ता कोणता आणि त्या रस्त्यावर कोण कोण भेटणार. मग तुम्ही ते वाक्य म्हणालात, ज्यामुळे खोलीतली चुळबुळ थांबली: “तुमचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात आहे असं मला वाटलं तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगणार, तेही आधी तुम्हालाच सांगेन.”

त्या वाक्याचा तेव्हा मला रागच आला होता. सगळं गुप्त ठेवणार म्हणता आणि मग ही फट कशाला ठेवता? आज वाटतं, ही मर्यादा उघडपणे सांगितलीत म्हणूनच बाकीच्या आश्वासनांवर विश्वास बसला. पोटात सगळंच ठेवीन म्हणणाऱ्यावर आमच्यासारखे लोक विश्वास ठेवत नाहीत. दर शिफ्टला शेकडो जीव आमच्या शब्दावर वरखाली होत असतात. त्यांचा विचार न करणारी डॉक्टर आम्हालाही नको होती.

माझ्या बाबतीत काय झालं ते थोडक्यात लिहितो, कारण ते फार वेगळं नाही. माझ्या सेक्टरमधलं, म्हणजे मी सांभाळत असलेल्या आकाशाच्या भागातलं, एक विमान दिलेल्या लेव्हलच्या (उंचीच्या) वर चढत गेलं. समोरून दुसरं येत होतं. आमच्याकडे दोन विमानांत आडवं पाच सागरी मैल किंवा उभं एक हजार फूट अंतर राखावं लागतं, ते मोडलं. मी दोघांना वळवलं, ती आपापल्या वाटेने गेली, प्रवाशांना बहुतेक काही कळलंही नसेल. चौकशीत माझ्यावर काही ठपका आला नाही. सहकाऱ्यांनी पाठ थोपटली. आणि त्यानंतर माझी झोप गेली. डोळा लागला की स्क्रीनवरचे ते दोन ठिपके दिसायचे. कामावर मी प्रत्येक रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने माझी सूचना परत म्हणून दाखवणं, दोनदा विचारू लागलो, घरी कुणी हाक मारली तरी दचकू लागलो. बाहेरून पाहणाऱ्याला मी जास्त काळजीपूर्वक काम करणारा माणूस दिसत होतो.

प्रश्न साधेच होते. पीएचक्यू-९ नावाची ती प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, झोप कशी आहे, लक्ष लागतं का, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा, आणि तो वाचताना खोलीत कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. मी नऊच्या नऊ प्रश्नांना खरी उत्तरं दिली. माझा स्वभाव धाडसी नाही. त्या अर्ध्या तासाने खरं सांगण्याचा धोका माझ्यापुरता मोजता येण्याइतका लहान केला होता, म्हणून जमलं.

दुसरे आभार त्या बैठकीसाठी. तुम्ही मला नंतर प्रतिनिधी म्हणून सोबत बसवलंत, म्हणून ती मला पाहता आली. वरिष्ठांना एक रेघ हवी होती: १० किंवा जास्त गुण आले की माणूस बाजूला. तुम्ही फळ्यावर हिशेब मांडलात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात १० या रेघेवर ही प्रश्नावली खरोखर निदान होण्याइतकं नैराश्य (मेजर डिप्रेशन) असलेल्या शंभरांतले ८८ पकडत होती, आणि नसलेल्या शंभरांतल्या ८८ जणांना बरोबर सोडत होती. ऐकायला फार छान. आता समजा, एक हजार कर्मचारी आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना नैराश्य आहे. ४४ सापडले, ६ निसटले. उरलेल्या ९५० मधल्या ११४ जणांवर मात्र उगाच बोट ठेवलं गेलं. रेघेच्या वर एकूण १५८, त्यांतले जवळजवळ पाऊणभर लोक आजारी नाहीतच. “या सगळ्यांना घरी बसवलंत तर आकाश कोण सांभाळणार?” असं तुम्ही विचारलंत. आकडा म्हणजे निदान नव्हे, रेघेवरच्या प्रत्येकाशी तज्ज्ञाने समोर बसून बोलायचं, आणि निर्णय त्या बोलण्यानंतर, हे तिथे मान्य करून घेतलंत.

मग तुम्ही जे जोडलंत ते मला हिशेबापेक्षाही मोलाचं वाटलं. तो अभ्यास साध्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांवर झाला होता. खरं बोलल्याने त्यांचं लायसन्स जाणार नव्हतं. आमचं जाऊ शकतं. म्हणजे ते ८८ टक्के आमच्यासाठी कुणी राखून ठेवलेले नाहीत. भीती जितकी जास्त, तितके ४४ चे चाळीस, वीस, पाच होत जाणार, आणि कागदावर सगळं खातं निरोगी दिसणार. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती इतक्या स्पष्टपणे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नव्हती.

जर्मनविंग्सचा विषय त्या बैठकीत निघणारच होता. २४ मार्च २०१५, बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं ए-३२० विमान. सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला कॉकपिटबाहेर ठेवून ते जाणूनबुजून फ्रान्समधल्या आल्प्सवर आदळवलं. सगळे १५० जण गेले. ‘म्हणूनच कडक चाचणी हवी,’ असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही शांतपणे फ्रेंच तपास यंत्रणेच्या २०१६ च्या अहवालाकडे वळलात. त्या सहवैमानिकाचं जुनं नैराश्य लायसन्स देणाऱ्यांना माहीत होतं. त्या दिवसाआधीच्या आठवड्यांत तो डॉक्टरांकडे जात होता. एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सांगितलं होतं, कामावर जाऊ नये अशी प्रमाणपत्रंही मिळाली होती. ती त्याने कंपनीला दिली नाहीत, आणि डॉक्टरांपैकी कुणीही विमानसेवेला किंवा सरकारी यंत्रणेला कळवलं नाही. लायसन्स आणि उत्पन्न गमावण्याची भीती, आणि गुप्तता कधी मोडायची याचे धूसर नियम, या दोन्हींवर अहवालाने बोट ठेवलं. तुमचं म्हणणं असं की त्या सकाळचं भाकीत कुठल्याच प्रश्नावलीने केलं नसतं, पण माहिती होती, ती कागदावर होती, ती पोहोचायला वाट नव्हती. म्हणून वाट बांधा. युरोपने २०१८ च्या नियमांत वैमानिकांसाठी नोकरीआधी मानसशास्त्रीय मूल्यमापन घातलं, तसंच सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांना आधार देण्याची व्यवस्थाही सक्तीची केली. बातम्यांत पहिल्या गोष्टीची चर्चा जास्त झाली. तुम्ही दुसरीसाठी हटून बसलात.

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेल्या कसोट्याही तुम्ही तेव्हाच सांगितल्यात. कुठल्याही रोगासाठी निरोगी दिसणाऱ्या लोकांची तपासणी करायची तर त्यावर मान्य उपचार हवा, उपचाराची सोय हवी, लोकांना ती तपासणी पटायला हवी, आणि ती एकदाच करून सोडून देता येत नाही. मी त्या यादीवर आमची जुनी पद्धत मनातल्या मनात तपासली. बरंच काही रिकामं निघालं.

एक गोष्ट तुम्ही बोललात ती तिथे फारशी कुणाला आवडली नाही, मला मात्र कायम आठवेल. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनजवळ दोन विमानं आकाशात धडकली आणि ७१ माणसं गेली. त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य फोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद, रडारची प्रणालीही पूर्ण क्षमतेने चालू नव्हती. आमच्या धंद्यातला माणूस ही हकीकत वाचताना श्वास रोखतो. तुम्ही विचारलंत: माणसाची तपासणी करता आहात, तर त्याच्या रोस्टरची, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकाची, कोण करणार? सलग रात्रपाळ्या, अपुरी माणसं, घटनेनंतर लगेच पुन्हा त्याच खुर्चीवर बसवणं, हे सगळं तसंच ठेवून फक्त माणसाला प्रश्न विचारले, तर तपासणीचं रूपांतर खापर फोडण्याच्या साधनात होतं. तुमच्या या भूमिकेमुळे रोस्टरवर निदान चर्चा सुरू झाली. माझ्या अपेक्षेपेक्षा ती फार हळू चालली आहे, हेही इथे नोंदवतो.

माझी सुट्टी, उपचार आणि परत येणं तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. आधी बोलण्याची उपचारपद्धती, मग काही काळ औषध. औषधाचं नाव ऐकून मी घाबरलो होतो, कारण ‘गोळी सुरू झाली की करिअर संपलं’ ही आमच्यातली जुनी समजूत. तुम्ही सांगितलंत की अमेरिकेतही अनेक वर्षं हाच नियम होता, आणि २०१० साली तिथे नैराश्यावरच्या चार औषधांपुरती, प्रकृती स्थिर असलेल्या वैमानिकांना परवानगी मिळू लागली. उपचार घेणारा माणूस उपचार लपवणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो, हे तिथल्या यंत्रणेला पटायला तेवढी वर्षं लागली. मला ते ऐकून गोळी घेणं सोपं गेलं. परत आलो तेव्हा पहिल्या शिफ्टला शेजारी अनुभवी सहकारी बसवला होता, आणि त्याला फक्त इतकंच सांगितलं होतं की मी बऱ्याच दिवसांनी येतोय.

एका बाबतीत माझं तुमच्याशी अजून पटत नाही. तपासणी करणारा माणूस आमच्याच खात्याच्या पगारावर असला तरी चालेल, त्याची सचोटी महत्त्वाची, असं तुम्ही म्हणता. तुमच्यासारखा माणूस असेल तर चालेल. पण तुम्ही बदलून गेल्यावर त्या खुर्चीत कोण येईल हे आमच्या हातात नाही, आणि व्यवस्था कुणा एकाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणं धोक्याचं आहे. गुप्ततेचे नियम लेखी हवेत, ते प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती हवेत, आणि तपासणारी यंत्रणा रोस्टर लावणाऱ्यांपासून वेगळी हवी. तुमच्या कामाबद्दल आदर आहे म्हणूनच ते टिकावं असं वाटतं, आणि म्हणून हा आग्रह.

मी आता सहकारी-आधार गटात आहे. कुणाच्या सेक्टरमध्ये काही घडलं की आमच्यातला एक जण त्याच पाळीत जाऊन भेटतो. आम्ही उपचार करत नाही. ऐकून घेतो, घरी सोडतो, आणि पुढे कुणाकडे जायचं ते सांगतो. तुम्ही दिलेलं ते प्रशिक्षण फार उपयोगी पडतंय, विशेषतः ‘सल्ला द्यायची घाई करू नका’ हे. मला ते सर्वांत कठीण जातं.

नव्या तुकडीची पहिली तपासणी लवकरच आहे. प्रश्नावली वाटण्याआधीचा अर्धा तास आम्ही वेळापत्रकात लेखी घालून घेतला आहे, आणि तो कापता येणार नाही असं वरिष्ठांकडून मान्यही करून घेतलं आहे. सांगायचे मुद्दे मी काढले आहेत. सवडीने एकदा नजर घाला, विशेषतः गुप्ततेच्या मर्यादेचा भाग. तुम्ही तो जितक्या सरळपणे मांडला होतात तितका मला अजून लिहिता आलेला नाही.

मनापासून आभार.

आपला,
तुमच्या तपासणीतला एक नियंत्रक