बत्तीस लाँग मागितली, पिस्तूलची काडतुसं दिलीत: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक साहेब, काडतूस विक्री विभाग

साहेब, मी सोलापूरचा, तुमच्याकडून आमचे वडील पण काडतुसं घ्यायचे. गेल्या आठवड्यात तुमच्या काउंटरवरून बत्तीस बोरची (०.३२ इंच) २० काडतुसं नेली. मी स्पष्ट सांगितलं होतं की रिव्हॉल्व्हरसाठी पाहिजेत, बत्तीस स्मिथ अँड वेसन लाँग. परवाना दाखवला, काउंटरवरच्या तुमच्या पोराने नोंद केली, शिक्का मारला, बॉक्स पिशवीत टाकून दिला. बॉक्स तिथंच उघडून बघितला नाही ही माझी चूक, पण बॉक्सवर काय छापलंय ते वाचून देणं तुमचं काम होतं.

घरी येऊन बघतो तर सगळी बत्तीस एसीपी! म्हणजे पिस्तूलची. पट्टी लावून मोजलं, काडतुसाचं पितळी कवच जेमतेम १७ मिमी, लाँगचं २३ असतं. आणि मागची कडा एवढीशी, बोटाला नीट लागत पण नाही.

यातली भीती अशी की ती रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, सरळ जातात. ती भोकं असलेला गोल सिलिंडर बंद होतो, फिरतो, नवख्या माणसाला वाटणार बरोबर आहे. पण एसीपीचा दाब लाँगपेक्षा जास्त असतो. आमचा रिव्हॉल्व्हर कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह आहे, आजोबांचा. चादरीच्या धंद्यात रोकड घेऊन फिरायचे तेव्हा घेतलेला. हे मॉडेल १९०७ साली आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच बंद झालं, आता त्याचा एक पार्ट मिळवायचा तर जीव जातो. नळीवर ३२ पोलीस असं कोरलंय, म्हणजे बत्तीस कोल्ट न्यू पोलीस, आणि ते काडतूस लाँगच आहे, कोल्ट कंपनीवाल्यांना आपल्या हत्यारावर स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीचं नाव नको होतं म्हणून नाव वेगळं ठेवलं एवढंच. हे मी तुमच्या पोराला काउंटरवर सांगितलं होतं, त्याने मान पण हलवली.

फोन केला तर तोच पोरगा म्हणतो, "चालतं साहेब, दोन्ही बत्तीसच आहे." आणि नसेल चालत तर कुरियरने परत पाठवा. काडतुसं काय कुरियरने पाठवायची वस्तू आहे का? तुम्ही लायसन्सवाले दुकानदार, तुमच्या माणसाला एवढं माहीत नको?

माझ्याकडे आधी तीन रिव्हॉल्व्हर होते. २०१९ च्या कायद्याने दोनच ठेवता येतात म्हणून एक वेब्ली जमा केला, त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. उरलेले दोन मी जपतो. खंडेनवमीला पाटावर ठेवतो, तेल लावलेल्या फडक्याने पुसतो, आई हळदकुंकू वाहते. त्यात असली काडतुसं घालून रेंजवर नेली असती आणि सिलिंडर फुटला असता तर माझा हात गेला असता, शेजारच्या लेनमधल्या माणसाचा डोळा गेला असता.

आता परवान्यावर मला मिळणाऱ्या काडतुसांच्या कोट्यातून २० वजा झालीत आणि वापरता एकही येत नाही. बॉक्स तसाच कपाटात कुलपात आहे. मी स्वतः परवाना घेऊन दुकानात येतो, तुम्ही बॉक्स परत घ्या, परवान्यावरची आणि तुमच्या रजिस्टरमधली नोंद नियमाने दुरुस्त करून द्या, आणि लाँगची २० काडतुसं माझ्यासमोर बॉक्स उघडून द्या. लाँग स्टॉकमध्ये नसेल तर तसं सांगा, पैसे परत करा, मी थांबेन. आणि त्या पोराला दोन्ही काडतुसं शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवा, ओरडू नका, शिकवा.

सोमवारपर्यंत तुमचा फोन आला नाही तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज देतोय. बिलाची आणि परवान्यावरच्या नोंदीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला जुना ग्राहक,
सोलापूर