कोडॅक, गुरुवारची सभा आणि तुझी झोप

नगर, रविवार रात्र

प्रिय करुणा,
सलाम.

तू पोचल्याचा मेसेज मम्मीला आला, मला नाही. फोन केला असता तर पुन्हा दोघांचेही आवाज चढले असते, म्हणून लिहायला बसलो. न जेवता गाडीत बसलीस ते मम्मीला फार लागलं. झोपतेस ना वेळेवर? हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी आपल्या चर्चच्या पंचांच्या सभेचं. मंडळीने कंपन्यांकडून काय शिकावं, याचे तुझे कागद मी नंतर निवांत वाचले. मोठे पंच म्हणाले, "ही मंडळी आहे, कंपनी नव्हे," आणि तू लॅपटॉप मिटून उठलीस. त्यांचं ते वाक्य मला पटलेलं नाही. मंडळीने नव्या यंत्राला पाठ कधी दाखवली? अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं ते आपल्या नगरातच. मुंबईच्या मिशन छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक! 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि विलायती चालींवर गाणाऱ्या मंडळीला अभंग दिले, ओव्या दिल्या, कीर्तन दिलं. तेव्हाही कोणी ना कोणी नाक मुरडलं असणारच. आज त्या भजनांशिवाय आपली उपासना होत नाही.

तेव्हा क्यूआर कोडवर अर्पण घ्यायला माझी ना नाही. यूट्यूबवर उपासना दाखवायलाही नाही, अंथरुणाला खिळलेली माणसं ती बघतील.

कोडॅकचं तू सांगितलंस ते ऐकताना मात्र धडकी भरली. 1975 मध्ये त्यांच्याच स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, साडेतीन किलोंचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद घेणारा. फिल्मच्या कमाईला धक्का नको म्हणून वरच्यांनी त्याच्यावर सगळा भार कधी टाकलाच नाही, आणि जानेवारी 2012 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. फुजीही फिल्मच विकायची. पण तिने फिल्म बनवताना हाती आलेलं रसायनांचं ज्ञान औषधांत आणि चेहऱ्याच्या क्रीममध्ये वापरलं आणि तगली. आपल्या छापखान्याने यातून काय घ्यायचं ते मला कळतं. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्यात हे गल्ल्यावर मीच बसत असल्यामुळे मलाच आधी दिसतं.

पण दगडूकाका आठवतात तुला? ट्रेडल हे जुनं छपाईयंत्र विकून ऑफसेट घेतलं तेव्हा तू बालवाडीत होतीस. काका आपले जुळारी, खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. खिळ्यांच्या केसकडे न बघता त्यांचा हात बरोबर खणात जायचा, जोडाक्षरासाठी सुद्धा थांबायचा नाही. त्यांना संगणकावर श्रीलिपीच्या की-बोर्डापुढे बसवलं तर एक बोट हवेत धरून अक्षर शोधत राहायचे. डीटीपी शिकलेला पोरगा कितीतरी झपाट्याने काम उरकायचा आणि पगारही कमी मागायचा. सगळे म्हणाले, काकांना घरी बसवा. नाही बसवलं. त्या पोराला ऱ्हस्व-दीर्घ दिसतच नव्हते, आणि काका प्रूफ नुसतं समोर धरायचे की चूक सापडायची. भजनांची पुस्तिका छापली तेव्हा पाळकसाहेबांना एक वेलांटी चुकीची सापडली नाही. यंत्र बदललं, माणूस ठेवला. आयुष्यात केलेल्या कामांपैकी या कामाचा मला फार अभिमान आहे.

म्हणून तुझ्या कागदावरची ती एक ओळ खटकली: 'गुरुवारची प्रार्थना सभा, सरासरी उपस्थिती चार, बंद करावी.' कंपनी असं करू शकते. गूगलने 2014 मध्ये ऑर्कुट बंद केलं तेव्हा तू दोन दिवस हळहळलीस, पण तोवर फेसबुकवर तुझं बस्तान बसलेलं होतं. लीलाआत्या कुठे जाईल? मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी ती आली नाही, तर बाकीच्या तिघी पहिलं गीत न म्हणताच तिच्या घरी गेल्या. आत्या न्हाणीत पडलेली होती, दार आतून लावलेलं. शेजाऱ्याच्या पोराने खिडकीतून उतरून कडी काढली. रविवारी तीनशे माणसांत तिची जागा रिकामी दिसली असती का? आणि दिसायला रविवारपर्यंत वेळ कुठे होता? सभा चौघींची होती म्हणूनच कळलं. त्या चौघी पुण्यातल्या पोरांसाठीही नाव घेऊन प्रार्थना करतात. तुझं नाव दर गुरुवारी असतं.

हे प्रवचन झालं. राग मानू नकोस, तुला कमी लेखायचं म्हणून लिहिलेलं नाही.

बायबलच्या त्या ॲपचं, यूव्हर्शनचं, तू सांगितलंस ते मला खरंच आवडलं. ओक्लाहोमातली एक मंडळी 2007 मध्ये वेबसाइट काढते, ती चालत नाही, आणि ती माणसं खचून न जाता 2008 मध्ये तेच शास्त्र फोनवर आणतात, फुकट आणि जाहिरातींशिवाय. धंदेवाल्यांकडून शिकावं ते असं. फक्त नाताळच्या आदल्या रात्री बाराला पाच कमी असताना तू ते ॲप उघडलंस आणि लगेच मिटलंस, ते मी बघितलं. ॲपमधली रोजच्या वाचनाची मालिका तुटू नये म्हणून, असं तूच म्हणालीस. वचन कोणतं होतं ग?

आणि त्यानंतरचं. मध्यरात्रीची उपासना सुरू होती, आत सगळे उभे राहून गात होते आणि तू देवळाच्या पायरीवर मम्मीची शाल पांघरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होतीस. कोणत्या तरी गावी कोणाचं तरी पेमेंट अडकलं होतं. थंडीने तुझी बोटं नीट चालत नव्हती. मी दारात उभा होतो, तुला दिसलो नाही. उठून आलीस तेव्हा डोळ्यांखाली काय काळं होतं! तुझ्यावर एवढी मोठी जबाबदारी टाकतात याचा मला गर्वही वाटला, आणि तुला हाताला धरून आत न्यावंसंही वाटलं.

तुझी एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तुमच्या कंपनीत सर्व्हर बंद पडला की कोणी केलं हे विचारत नाहीत. काय घडलं, कितव्या मिनिटाला कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच लिहितात, नाव कोणाचंच नाही. हे आपल्या मंडळीत यायला हवं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला जनरेटर बंद पडला त्याचं बोलणं पाळकसाहेब अजून खातायत. तरुण येत नाहीत म्हटलं की म्हातारे मोबाइलला दोष देतात, तरुण म्हाताऱ्यांना. कोणी कधी शेवटचं आलं, का थांबलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकून बिननावाचा कागद कोणी केलेला नाही. तो तू कर. तुला येतो.

आणि रात्री साडेतीनला फोन वाजतो, तू उठतेस, सकाळी पुन्हा कामावर जातेस, याचा अहवाल तुमच्याकडे कोण लिहितं? चौथ्या आज्ञेत दासदासींना विसावा आहे, गुराढोरांनाही आहे. बघ, पुन्हा तिथेच आलो. मम्मी म्हणते, पोरगी तिशीची झाली, तिला कळतं. कळत असेल. मला रात्री जाग आली की तुझा फोन आत्ता वाजत असेल असंच वाटतं.

फेब्रुवारीतल्या पंचांच्या सभेत तुझ्यासाठी अर्धा तास मागून घेतलाय. पाळकसाहेब हो म्हणाले, मोठे पंच नाही म्हणाले नाहीत. क्यूआर कोडचा फलक आपल्याच छापखान्यात काढतो. नमुना पाठवीन, मंडळीचं नाव आणि खातं बरोबर आहे का ते तपासून कळव. गुरुवारची ओळ ठेवायची की काढायची ते तू ठरव, पण त्याआधी एकदा त्या चौघींमध्ये जाऊन बस. बुधवारी रात्रीच ये म्हणजे झोप होईल, आणि त्या दिवसाची ऑन-कॉल ड्युटी दुसऱ्या कोणाला देता येते का ते आत्ताच विचारून ठेव.

तुझा,
पप्पा