सोनोग्राफी हवीच, पण भूल देण्याआधी

महोदय,

शस्त्रक्रियेदरम्यान सलाइन किती द्यायचे हे सोनोग्राफीने ठरवण्याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. तंत्राचे स्वागतच आहे. पण ते शस्त्रक्रिया चालू असताना सरसकट वापरता येते, हा लेखातला सूर पटला नाही.

छातीच्या मधल्या हाडाखाली सोनोग्राफीचा प्रोब टेकवून यकृतामागची महाशीर (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) पाहतात. तिची रुंदी 2.1 सेंमीच्या आत आहे का, रुग्णाने नाकाने झटकन श्वास ओढल्यावर ती निम्म्याहून अधिक मिटते का, यावरून सलाइनची गरज कितपत आहे, याचा अंदाज बांधला जातो. पण हे निकष स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णाचे. व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो, तेव्हा तीच शीर उलट फुगते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात साधारण 12 ते 15 मिमी पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. त्या दाबाखालच्या शिरेच्या मापावर कितपत विसंबायचे? आणि पोटच उघडले असेल, तर प्रोब ठेवायचा कुठे? (सर्जन जागा देणार नाहीत, हे वेगळेच.)

ही तपासणी भूल देण्याआधी करावी. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, तरी आपल्याकडे 'रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको' असे अजून सर्रास सांगतात. दुपारी टेबलावर आलेला असा रुग्ण शुष्क झालेला असतो आणि भूल चढताच त्याचा रक्तदाब घसरू शकतो. शीर आधीच पाहिली, तर सलाइनही वेळेत सुरू करता येते.

— एक भूलतज्ज्ञ, सातारा