नवलकोलाचा पाला

लाइपझिग, जर्मनी,
१४ जून

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय खातेस गं, खरं सांग." मी "खाते की सगळं" म्हणाले, पण तुला ते पटलं नाही हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. म्हणून आज बसून नीट लिहिते. आजीलाही वाचून दाखव.

इथे नवलकोल सगळे आवडीने खातात, अगदी कच्चासुद्धा. पण दुकानात गड्डा उचलला की पाला तिथल्या तिथे मोडून खोक्यात टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जीव हळहळला. कोवळा, हिरवागार पाला खोकंभर पडलेला! मंडईत भाजीवाली मुळ्याचा पाला तोडायला लागली की तू तिचा हात धरतेस, तेच आठवलं. मी तिथल्या बाईंना विचारलं, हा नेऊ का? त्या म्हणाल्या, घरी ससा आहे का? म्हटलं, नाही, भाजी करायची आहे. त्यांनी पिशवीच आणून दिली. आता शनिवारी गेले की त्या स्वतःच बाजूला काढून ठेवतात.

भाजी तुझ्यासारखीच, पीठ पेरून. मधली जाड शीर काढते, पाला बारीक चिरते, फोडणीत लसूण सढळ हाताने घालते. पाला खाली बसला की वरून बेसन भुरभुरवायचं, झाकण ठेवायचं आणि आच मंद. पिठाचा कच्चा वास जाऊन खमंग सुटला की एकदा उलथन्याने खालीवर करते. कडेला जे खरपूस लागतं ते आधी मीच खाते, इथे दादा नाही ना भांडायला. तेल इथलं स्वस्तातलं, रेपसीडचं. ते मोहरीच्याच कुळातलं, पण रिफाइंड असल्याने झणका नाही. शेंगतेलाची चव नाही येत, पण भाजी चांगली होते.

बेसनावर माझा निम्मा आठवडा निघतो. उशीर झाला की पिठलं, नाहीतर धिरडी. कढीही करते. इथलं ताक अर्ध्या लिटरच्या डब्यात मिळतं. ते इतकं घट्ट असतं की पाणी घातल्यावर दोन दिवस पुरतं.

तूरडाळ मात्र भारतीय दुकानातच मिळते आणि महाग पडते. ती सणावारी. रोजच्याला मसूर. इथे तपकिरी, चपट्या, आपल्यापेक्षा जरा मोठ्या मसुराचं ५०० ग्रॅमचं पाकीट कुठल्याही दुकानात मिळतं. हे लोक त्याचं सूप करतात आणि वरून व्हिनेगर घालतात. मी कांदा चांगला लाल करून कराडच्या ढाब्यावर मिळतो तसा अख्खा मसूर करते. गेल्या रविवारी खोलीशेजारच्या दोघींना वाढला. त्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

पोळीचं गणित जमायला दोन महिने गेले. पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरेल, तो हा आकडा. तो मोठा असला की कोंडा जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच. कोंड्यासकटच्या पिठाची पोळी कडेला चिरायची. आता ते निम्मं आणि १०५० निम्मं घेते, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून ठेवते. परवा पहिली पोळी टम्म फुगली तेव्हा तुला फोन करणार होते, पण तिकडे मध्यरात्र होती.

कोबीचा एक गड्डा आठवडाभर पुरतो. भाजणी संपली तेव्हा ओट्स दळून, राय नावाच्या काळसर धान्याचं पीठ आणि बेसन मिसळून थालीपीठ लावलं. राय चिकट असते, म्हणून हात ओला ठेवावा लागतो. आजीच्या भाजणीची सर नाही, पण धणे-जिरे भाजून घातल्यावर खोलीभर घराचा वास आला.

किराण्याला महिन्याचे १२० युरो पुरतात, म्हणून बाबांच्या पेन्शनीतून काही पाठवू नका. ते दादाच्या फीला ठेवा. मला फक्त गोडा मसाला हवा आहे. ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंचा मुलगा येणार आहे, त्याच्याकडे पाव किलो दे.

आणि आजीला विचारून सांग, पाल्याची पातळ भाजी करताना दाणे आधी शिजवायचे की वरून घालायचे? मी आधी घातले तर मऊ पडतात, आणि वरून घातले तर पाण्यात वेगळेच राहतात.

तुझी,
मनू