माल भिजलेला आहे, विचारून घ्या

पुणे
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुला विचारलं, "कसा आहेस?" तू म्हणालास, "बिझनेस ॲज युज्वल." काकूंचं विचारलं, तरी तेच. दुकानाचं विचारलं, तरी तेच. मग गिऱ्हाईक आलं म्हणून तू फोन ठेवलास. तुझे वडील, आपले भाऊ, जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत, विनू. मला त्या दिवशी नीट झोप लागली नाही.

फोनवर मला सुचलं नाही ते आता लिहितोय. योगायोग असा की गेले पंधरा दिवस माझी ह्याच तीन शब्दांशी झटापट चालली आहे. हवामानबदलावरचा एक अहवाल मराठीत करायला घेतलाय आणि त्यात हे शब्द पानोपानी येतात. आधी मी 'नेहमीप्रमाणे व्यवहार' लिहिलं आणि खोडलं. मग 'जैसे थे' लिहिलं, तेही खोडलं. 'जैसे थे' हा कोर्टाचा शब्द आहे, जो जिथे आहे त्यानं तिथेच थांबावं असा. बिझनेस ॲज युज्वलमध्ये थांबणं नाहीच, सगळा भर चालत राहण्यावर आहे. म्हणून हे शब्द मुळात कुणी, कशासाठी वापरले ते शोधत बसलो, आणि त्या शोधात सारखा तू आठवत राहिलास.

हा वाक्प्रचार घरोघरी पोचला तो १९१४ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडात. चार तारखेला ब्रिटन युद्धात उतरलं. लोक घाबरले, घरात धान्य भरून ठेवायला लागले, मागणी आटली तर कारखाने बंद पडतील आणि माणसं बेकार होतील अशी धास्ती पसरली. तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि सरकारनं मिळून लोकांच्या कानी घातलं, 'बिझनेस ॲज युज्वल'. खरेदी थांबवू नका, नोकरांना काढू नका, रोजचं चक्र चालू ठेवा. दुकानादुकानांत तशा पाट्या लागल्या. ९ नोव्हेंबरला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये नौदलमंत्री चर्चिल तर म्हणाले की ब्रिटिश जनतेचं ब्रीदच बिझनेस ॲज युज्वल आहे.

पण मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटली. त्याच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी बँकांची सुट्टी तीन दिवसांनी वाढवली होती. सोनं काढायला रांगा लागतील म्हणून बँका बंद ठेवल्या आणि त्या उघडल्या तेव्हा घाईघाईनं छापलेल्या एक पौंडाच्या कागदी नोटा लोकांच्या हातात आल्या. म्हणजे तोंडानं 'नेहमीप्रमाणे' म्हणत असताना नेहमीसारखं काहीच उरलं नव्हतं. आणि हे शब्द माणूस नेमका अशाच वेळी उच्चारतो. सगळं खरंच नेहमीसारखं असतं तेव्हा कुणाला तसं सांगायची गरज पडत नाही. रोज सकाळी शटर उघडताना तू कधी म्हणतोस का, की आज दुकान नेहमीप्रमाणे उघडलं आहे?

पुढचं आणखी दुखणारं आहे. ते धोरण वर्षभरही टिकलं नाही. आरमार समुद्र सांभाळेल, आपण मित्रराष्ट्रांना पैसा आणि माल पुरवू, देशातला व्यापारउदीम चालू राहील, असा हिशेब होता. मे १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तोफगोळेच कमी पडतायत हे लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि एकच गदारोळ उठला. मग दारूगोळ्याचं स्वतंत्र खातं निघालं, ते लॉइड जॉर्ज यांच्याकडेच आलं, आणि जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला. तोवर बिझनेस ॲज युज्वल ही शिवी झाली होती. १९१४ मध्ये ज्या शब्दांनी धीर दिला, त्यांचाच अर्थ दोन वर्षांच्या आत झाला 'घर जळतंय आणि तुम्ही गल्ला मोजताय'. शब्द तेच, युद्धही तेच.

आपल्याकडे ह्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे मला ह्या निमित्तानं पहिल्यांदा जाणवलं. दोषाचा अर्थ असेल तर आपण 'ये रे माझ्या मागल्या' म्हणतो, नाहीतर 'पहिले पाढे पंचावन्न'. चौकशी समिती बसली, अहवाल आला, आणि पुन्हा तेच सुरू झालं, की इंग्रजी पेपर लिहितो बिझनेस ॲज युज्वल आणि माझी आई म्हणते ये रे माझ्या मागल्या. आईच्या शब्दांत गोंधळ नाही, ती रागावलीय हे लगेच कळतं. धीराचा अर्थ असेल तेव्हा मात्र आपल्या पेपरांचा एक ठरलेला मथळा असतो, 'जनजीवन पूर्वपदावर'. पूर, संप, दंगल, काहीही असो. इतकी वर्षं मी त्या मथळ्याला गुळगुळीत समजत आलो. आता तो मला प्रामाणिक वाटतो. पूर्वपदावर येतंय म्हणजे मधे ते पद सुटलं होतं, हे त्यात कबूल आहे. इंग्रजीतला वाक्प्रचार ते कबूल करत नाही. तो मधली फट बुजवून टाकतो, जणू काही सुटलंच नव्हतं.

११ जुलै २००६ तुला आठवत असेल. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या आणि साऱ्या जगानं मुंबईच्या 'स्पिरिट'ची वाहवा केली. मी तेव्हा डोंबिवलीला भाड्यानं राहायचो. माझ्या डब्यातला रोजचा ग्रुप त्या सकाळी पत्ते न काढता उभा होता. कुणाची रजा उरली नव्हती, कुणाचा एका दिवसाचा पगार कापला जाणार होता. धैर्य होतं, नाही असं मी म्हणणार नाही. पण ते धैर्य होतं की नाइलाज, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. 'स्पिरिट' म्हणून टाकलं की पुढचं विचारायची गरज राहत नाही.

माझ्या अहवालातला अर्थ तर निराळाच आहे. हवामानाच्या अभ्यासकांनी हे शब्द आकडेमोडीसाठी उचलले. १९९० मध्ये आयपीसीसीचा, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, पहिला अहवाल आला, त्यात भविष्याच्या चार शक्यता मांडल्या होत्या आणि पहिलीचं नावच होतं बिझनेस ॲज युज्वल. धूर कमी करायला काही केलं नाही आणि आहे तसं चालू ठेवलं, तर काय होईल ते त्यात होतं. ह्या एका जागी हे शब्द दिलासाही देत नाहीत आणि दोषही देत नाहीत. ते आलेखावर आखलेली एक रेघ आहेत. पुढे देशांनी आपली वचनं त्या रेघेच्या मापानं दिली. पॅरिस कराराच्या वेळी इंडोनेशियानं सांगितलं की २०३० साली आम्ही त्या रेघेच्या २९ टक्के खाली असू. दक्षिण कोरियानं ३७ टक्के सांगितलं. आता तूच बघ, तू दुकानदार आहेस. छापील किंमत तूच ठरवलीस आणि तिच्यावर सूटही तूच दिलीस, तर सूट कितीही मोठी दाखवता येते. रेघ जितकी वर आखाल तितकं खाली येणं सोपं. म्हणून 'आधी हे सांगा, नेहमीप्रमाणे म्हणजे नेमकं कसं?' हा प्रश्न तिथे फार महत्त्वाचा होऊन बसतो.

आयटीवाल्या पोरांचं तर विचारूच नकोस. माझा भाचा हिंजवडीला आहे. तो सांगतो, "मामा, मी प्रोजेक्टवरून आता बीएयूत आलोय." बीएयू ही ह्याच तीन शब्दांची आद्याक्षरं. म्हणजे नवीन उभारणी संपली, आता रोजची देखभाल. तिथे हा शब्द अगदी सरळ आहे, त्याला इतिहासाचं ओझं नाही.

शेवटी मी अहवालात 'आहे तसंच चालू राहिलं तर' असं लिहिलंय. लांबट आहे, पण त्यातला 'तर' मला हवा होता.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

लंडनवर बाँब पडत होते तेव्हाचे, १९४० चे फोटो पाहत होतो. त्या सप्टेंबरपासून सलग ५७ रात्री तिथे बाँब पडले. काचा फुटलेल्या, दर्शनी भिंत ढासळलेल्या दुकानांवर हेच शब्द खडूनं किंवा रंगानं लिहिलेले. कुणी तर 'नेहमीपेक्षा जास्त उघडं' असंही लिहिलेलं. ते पाहताना मला एकदम भाऊ दिसले. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, जिथे ४५ ला धोक्याची पातळी. पाणी ओसरल्यावर मी सांगलीला आलो तेव्हा तुम्ही गणपती पेठेतलं दुकान धूत होता. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. सिमेंटच्या पोत्यांचे पोत्याच्याच आकाराचे दगड झालेले, तू पहार घेऊन ते फोडत होतास. बिजागऱ्यांचे खोके हातात घेतले की पुठ्ठा लगदा होऊन गळून पडायचा आणि खाली गंजाचा लाल ढीग राहायचा. काकू खतावणीची पानं एकेक सुटी करून दोरीवर वाळत घालत होत्या. आणि भाऊ, गुडघ्यापर्यंत चिखल, बाहेर खुर्चीवर उभे राहून शटरवर खडूनं लिहीत होते.

"दुकान चालू आहे. माल भिजलेला आहे. विचारून घ्या."

तू त्यांच्यावर चिडला होतास. "भाऊ, मधली ओळ पुसा, गिऱ्हाईक फिरकणार नाही." ते म्हणाले, "खिळा घरी नेऊन गंजला तर तो परत येईल का माझ्याकडे?" आणि पुसली नाही. दिवाळीपर्यंत ती पाटी होती. दर पावसात पुसट झाली की ते पुन्हा गिरवायचे.

विनू, मी इतकी पुस्तकं आणि कागद चाळले, पण बिझनेस ॲज युज्वलच्या साऱ्या पाट्यांमध्ये ती मधली ओळ मला कुठेच सापडली नाही. दुकान चालू आहे, हे तू मला तीनदा सांगितलंस. मला ते माहीत होतं रे. भाऊंचा मुलगा आहेस, तू दुकान बंद ठेवशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला मधल्या ओळीबद्दल विचारायचं होतं. दुपारी दोनला त्यांच्या चहाची वेळ होते तेव्हा काय करतोस? गल्ल्यावर तू बसतोस की खुर्ची रिकामी ठेवली आहेस? रात्री शटर ओढताना ते बाहेरून "कुलूप दोनदा ओढून बघ" म्हणायचे, ते आता कोण म्हणतं? गिऱ्हाइकाला सांगू नकोस. काकूंना सांगायचं नसेल, तर तेही मी समजू शकतो. मला सांग.

माझे वडील गेले तेव्हा मीही पाचव्या दिवशी कामावर गेलो होतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "ठीक आहे" म्हणत होतो. तू सांगलीहून रात्रीच्या गाडीनं आलास, काही न विचारता माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलास, आणि मी रडलो. त्या रात्रीची परतफेड करावी असं मनात नाही, ती होणारही नाही. फक्त आता ओट्यापाशी उभं राहायची पाळी माझी आहे.

येत्या शुक्रवारी रात्री निघतोय, शनिवारी पहाटे पोचेन. स्टँडवर येऊ नकोस, रिक्षानं येईन. दुकान नेहमीच्या वेळेला उघड, मी सरळ तिथेच येतो. काकूंना सांग, भडंग बांधून देऊ नका, ह्या वेळी मी दोन दिवस राहणार आहे.

तुझा,
अनिल